सूत, साखर आणि नफ्याचा हिशेब

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्याचे ‘सेवाग्राम’ हे नाव पडायला अजून चार वर्षे होती. गावाभोवती कापसाची काळी जमीन आणि मालगुजारीचा मोठा हिस्सा वर्ध्याचे कापूस-व्यापारी जमनालाल बजाज यांच्याकडे. एकाच कापसावर कोणाची पेढी उभी राहते, कोणाची बसते आणि कोणाला दिवसाची भाकरही सुटत नाही, हे पाहायला याहून योग्य परिसर शोधून सापडणार नाही.

या भागातली नफ्याची पहिली मोठी कहाणी मात्र नागपुरात घडली. 1874 मध्ये जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी कंपनी काढली. तेव्हा कापडगिरणी म्हणजे मुंबई, असाच सर्वांचा समज होता. जमशेटजींनी हिशेब वेगळा मांडला. कापूस इथेच पिकतो, वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, रेल्वे 1867 मध्येच नागपूरला पोचली आहे आणि कापड नेसणारी माणसेही भोवतीच आहेत. मग कापूस मुंबईला न्यायचा आणि त्याचेच कापड परत आणायचे कशाला? जुम्मा तलावाजवळची दलदल भरून काढायला निघालेल्या या पारशाला एका मारवाडी सावकाराने कर्ज नाकारले. हा सोने मातीत घालतोय, असे त्याचे मत पडले. पुढे त्यानेच कबूल केले म्हणतात, की या माणसाने माती घालून सोने काढले. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली.

पण जागा काही एकट्या टाटांची नव्हती. हिंगणघाट आणि पुलगावलाही पुढच्या बारा-पंधरा वर्षांत गिरण्या निघाल्या. कापूस तोच, रेल्वेही तीच. मोक्याच्या जागेचा फायदा शेजाऱ्यालाही मिळतो, मग आघाडी टिकायची कशाच्या जोरावर? एम्प्रेसने सुरुवातीची हलकी यंत्रे बदलली. लँकेशायरचे गिरणीवाले जुन्या म्यूल चात्यांना चिकटून असताना तिने रिंग चात्यांचा प्रयोग केला. कामगार टिकावा म्हणून बक्षिसे दिली, निवृत्तिवेतन आणि प्रॉव्हिडंट फंडाची सोय केली. व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या कारभाराचा वाटा मोठा. शेजारच्या गिरण्या जे लगेच उचलू शकत नव्हत्या, ते हेच.

नफ्याचा दुसरा मार्ग कायद्याचा. बजाज कुटुंबाने 1931 मध्ये संयुक्त प्रांतात गोला गोकर्णनाथला साखर कारखाना काढला आणि पुढच्याच वर्षी परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवणारा कायदा आला. जावाची साखर महागली. देशातले तीसेक कारखाने चार-पाच वर्षांत शंभरावर गेले. यात कोणाची हुशारी किती आणि जकातीची किती, हे वेगळे काढणे अवघडच! आणि कारखान्यांची अशी गर्दी झाली की जकातीचा लाभही वाटला जातो, हे त्या धंद्यातल्यांना लवकरच कळले.

हेच जमनालालजी अखिल भारत चरखा संघाचे खजिनदारही होते. 1925 मध्ये स्थापन झालेल्या या संघाने दहा वर्षे बाजारी शहाणपण सांभाळले. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणाऱ्या बाईला दिवसाला जेमतेम आणा-दीड आणा मिळे. बाजारभावाने ती खूश होती, असे म्हणायलाही हरकत नव्हती, कारण तिला दुसरे काम नव्हते. विनोबांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीला स्वतः दिवसभर कातून त्या मजुरीवर जगून पाहिले, तेव्हा हा दर कागदावरून ताटात उतरला.

ऑक्टोबर 1935 मध्ये वर्ध्याच्या बैठकीत संघाने हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडला. आठ तास नीट कातणाऱ्याला शास्त्रशुद्ध किमान आहार आणि वर्षाला वीस वार कापड परवडेल इतकी मजुरी ठरवायची आणि त्यावरून खादीची किंमत काढायची. गांधीजींना आठ आणे हवे होते. कार्यकर्त्यांनी विक्रीची आठवण करून दिली, आणि बऱ्याच ठिकाणी मजल तीन आण्यांपर्यंतच गेली. तरीही खादी महागली. कोणताही गिरणीमालक याला वेडेपणा म्हणाला असता, आणि ताळेबंदापुरते त्याचे चूकही नव्हते. पण गिरणीच्या ताळेबंदात ‘मजुरी’ म्हणून जी रक्कम कमी दिसते, तीच नफ्याच्या रकान्यात जास्त दिसते, ही गोष्ट चरखा संघाइतकी उघड कोणी मांडली नव्हती. एम्प्रेसची चाती फिरवणाऱ्यांनाही हा हिशेब लागू होताच.

वर्ध्याच्याच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ याच प्रश्नाशी दुसऱ्या बाजूने झगडत होता. तिथे झवेरभाई पटेलांनी तेलाची घाणी सुधारली, ती ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. मजुरी वाढवायची तर माणसामागचे काम वाढले पाहिजे, हे एम्प्रेसच्या रिंग चात्यांचेच गणित. फरक एवढाच, की वाढीव तेल तेल्याच्या घरी राहावे असा बेत होता.

मग महायुद्ध आले. कापडाची टंचाई झाली, गिरण्यांनी कधी नव्हे इतका नफा कमावला. खादीलाही गिऱ्हाईक तुटून पडले. धंदा म्हणून पाहिले तर चरखा संघाचे दिवस आता कुठे आले होते. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी 1944 मध्ये सेवाग्रामला संघाच्या कारभाऱ्यांसमोर उलटाच प्रस्ताव ठेवला: विक्रीचा पसारा आवरा, गावे स्वावलंबी करा. 1945 पासून खादी भांडारांत किमतीचा काही भाग हातकताईच्या सुतात देण्याची अट आली. मुंबई-पुण्याचा पैसेवाला गिऱ्हाईक नोटा घेऊन येई आणि सुताची लडी नसल्याने रिकाम्या हाताने परत जाई.