शोक कसा करायचा?

आजी तेव्हा आठ वर्षांची. इंदापूर तालुक्यातलं नीरेकाठचं गाव. बाबासाहेब गेल्याची बातमी म्हारवाड्यात आली अन् चुली पेटल्या नाहीत. मग जाणत्यांत वाद लागला. बापच गेला, केस उतरायचे का? तेरावा घालायचा का? कावळ्याला घास ठेवायचा का?

मित्रांनो, वाद लहान नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ही त्यातलीच एक. अन् ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत ते गेले. नव्या धम्मातलं पहिलं मोठं मरण धम्म देणाऱ्याचंच!

मुंबईनं उत्तर दिलं. देह विमानानं आणला. ७ तारखेला राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत लाखोंचा लोंढा लोटला. अंत्यविधी बौद्ध पद्धतीनं झाला. १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षा द्यायचं बाबासाहेबांच्या मनात होतं. ती चितेसमोरच झाली. भदन्त आनंद कौसल्यायनांनी दीक्षा दिली अन् लाखावर माणसांनी रडत रडत घेतली. पिंड नाही, प्रतिज्ञा!

आता दुसरा शोक बघा. आपल्या बारामती-इंदापुरावरून दरसाल तुकोबांची पालखी पंढरपूरला जाते. त्या वाटेच्या शेवटी चोखोबांची समाधी आहे. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, चोखोबा तिच्याखाली मेले. नामदेवांनी अस्थी शोधून आणल्या, असं वारकरी सांगतात. पण समाधी कुठं? महाद्वाराबाहेर. नामदेवांचं रडणं खरंच होतं, पण त्यानं दार उघडलं नाही. त्याला १९४७ उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. बाबासाहेबांनी १९४८ चं 'द अनटचेबल्स' ज्या तिघांना अर्पण केलं, त्यांत चोखोबा आहेत. म्हणजे त्यांना विसरायचं नाही. पण त्या पायरीशी बसूनही राहायचं नाही.

आमच्या पणजोबानं केस उतरलेच. सवय जुनी, एका रात्रीत कशी सुटंल? पण तेरावा घातला नाही. देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले अन् नीरेत सोडले. अक्षरशत्रू माणूस, पण प्रतिज्ञा समजली होती त्याला.

आपण शिकलेले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर घसा फुटेस्तोवर घोषणा देतो. पण घरात मयत झालं, की दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट बघत कोण उभं असतं, ते आधी सांगा.

जयभीम.