पाऱ्यापासून फ्युरोसेमाइडपर्यंत : मूत्रल औषधांच्या इतिहासातील निरीक्षणाचे स्थान

प्रस्तावना :
हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड यांच्या विकारांत शरीरात क्षार व पाणी साठून सूज येते. फ्युरोसेमाइड हे अशा सुजेवरील व उच्च रक्तदाबावरील परिचित मूत्रल औषध होय. आधी रोगाचे कारण कळते व मग औषध शोधले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. या औषधाची परंपरा नेमकी उलट क्रमाने घडली, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

पाऱ्याचा कालखंड :
१७८५ मध्ये विल्यम विदरिंग यांनी सुजेवरील डिजिटॅलिसचा उपयोग नोंदविला. एकोणिसाव्या शतकात त्वचेखाली बारीक नळ्या घालूनही पाणी काढले जाई. १९१९ मध्ये व्हिएन्ना येथे उपदंशाच्या एका तरुण रुग्णेस पाऱ्याचे नोव्हासुरॉल हे इंजेक्शन देण्यात आले. मूत्रमापनाच्या तक्त्यातील अनपेक्षित वाढ आल्फ्रेड फोगल या वैद्यकीय विद्यार्थ्याने हेरली. पारा विषारी असूनही पुढील काही दशके तोच प्रमुख आधार राहिला.

दुष्परिणामातून औषध :
सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरील औषध रक्तातील आम्लता वाढवी. या दुष्परिणामाचा माग घेत १९४९ मध्ये विल्यम श्वार्ट्झ यांनी ते हृदयविकाराच्या ३ रुग्णांना दिले. सोडियमचे उत्सर्जन वाढले. परंतु ते दीर्घकाळ देण्याजोगे नव्हते. याच धाग्यावरून मर्क कंपनीतील कार्ल बायर व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले क्लोरोथायझाइड १९५८ मध्ये वापरात आले. सल्फोनामाइड गटातीलच, परंतु अधिक प्रभावी असे फ्युरोसेमाइड जर्मनीतील हेक्स्ट कंपनीने निर्माण केले. १९६६ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली.

कार्याचा उलगडा :
मूत्रपिंडातील वळणदार नलिकेचे वर्णन याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये केले होते. गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे २५ टक्के सोडियम या नलिकेच्या चढत्या भागात पुन्हा शोषले जाते. फ्युरोसेमाइड हे शोषण रोखते. त्यामुळे सोडियमबरोबर पाणीही बाहेर पडते. मात्र ज्या वाहक प्रथिनावर ते कार्य करते, त्याची जनुकीय ओळख १९९४ मध्ये पटली. तोवर जवळपास तीन दशके हे औषध रुग्णांना दिले जात होते.

निष्कर्ष :
या इतिहासात सिद्धान्ताइतकेच नोंदीला महत्त्व आहे. फोगल यांचे नाव उरले. पण तो तक्ता परिचारिकांनी निष्ठेने भरला होता. विज्ञानाचा इतिहास शिकविताना संशोधकांच्या नामावलीबरोबर अशा नोंदी ठेवणाऱ्यांच्या श्रमांनाही स्थान मिळावयास हवे.