शेवटच्या औषधाची गोष्ट

तीन वर्षांपूर्वी आईला मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गामुळे शहरातल्या दवाखान्यात ठेवावे लागले. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा औषधांच्या नावांपुढे ओळीने ‘आर’ हे अक्षर होते. आर म्हणजे रेझिस्टंट : जंतू त्या औषधाला दाद देत नाही. डॉक्टरांनी तळातल्या एका नावावर बोट ठेवले. कोलिस्टिन. आई वाचली. सुलतानपूरला परतल्यावर जनावरांच्या औषधांच्या दुकानात सहज विचारले, तर दुकानदार म्हणाला, ‘‘ते तर कोंबड्यांच्या पाण्यात टाकायचे, सर. आता बंद झालं.’’ माणसाचे शेवटचे औषध जनावरांच्या पाण्यात कसे गेले, याचा शोध मी तेव्हापासून घेत आहे.

कोलिस्टिन १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मातीतल्या जीवाणूपासून मिळाले. मूत्रपिंडांना आणि मज्जातंतूंना त्याचा त्रास होई, म्हणून १९७० च्या दशकात अधिक सुरक्षित औषधे आल्यावर माणसांसाठी ते मागे पडले. पशुपालनात मात्र ते टिकले. दूध तुटलेल्या डुकराच्या पिलांना हगवण लागते. त्यावर हे स्वस्त औषध होते. त्याआधीच, १९५० च्या सुमारास, अमेरिकेत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड यांना दिसले होते, की खाद्यात थोडे प्रतिजैविक मिसळले तर जनावरे लवकर वाढतात. इथेच घोळ आहे. थोड्या मात्रेत दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास होते. ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता. पुढे ते सहज मिळू लागले आणि प्रश्न ते टिकवण्याचा झाला. कार्बापेनेमसारखी जबर औषधेही निकामी होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांना अडगळीतले कोलिस्टिन पुन्हा काढावे लागले.

मग नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली. कत्तलखान्यातल्या डुकरांच्या ८०४ नमुन्यांपैकी १६६ मध्ये कोलिस्टिनला न जुमानणारे ई. कोलाय सापडले होते. त्यांच्यात एमसीआर-१ नावाचे जनुक होते. ते प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असल्याने एक जीवाणू ते दुसऱ्याला देऊ शकतो. रुग्णालयांतल्या १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांतही ते आढळले. चीनने २०१७ मध्ये खाद्यातले कोलिस्टिन थांबवले. भारताने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि मत्स्यपालनात त्यावर बंदी घातली.

दुकानदाराचे ‘आता बंद झालं’ हे त्या अधिसूचनेचे गावापर्यंत पोचलेले रूप. पण ती बंदी एका औषधावर होती, सवयीवर नाही. गावात डुकरे पाळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विचारले, ‘‘पिलांना हगवण लागली तर काय देता?’’ तो म्हणाला, ‘‘दुकानदार देईल ते.’’ त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पशुवैद्यकाची वाट पाहीपर्यंत पिलू मरते. पण त्या नाव नसलेल्या पुडीत पुढच्या एखाद्या आईचे शेवटचे औषध असू शकते. गावोगावी पशुवैद्यक वेळेवर पोचला, तरच ते वाचेल.