हाताने काढलेले ॲनिमेशन सिनेमे परत येताहेत, मग नवे इतके कमी का बनतात?

२४ जानेवारी २०२५ ला देशभरातल्या थिएटरमध्ये एक ॲनिमेशन सिनेमा लागला, जो खरं तर तीसेक वर्षं जुना होता. त्याचं नाव ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांनी केलेला हा जपान-भारत सिनेमा अनेकांनी लहानपणी टीव्हीवर पाहिला होता. आता तो ४के स्वरूपात परत आला.

त्याआधी मार्च २०२४ मध्ये हायाओ मियाझाकी यांच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’ला ऑस्कर मिळालं. तोही हाताने काढलेला. म्हणजे प्रेक्षक आहेत. मग अडतं कुठे?

‘हाताने काढलेलं’ म्हणजे नेमकं काय?

जुन्या पद्धतीत आधी कागदावर पेन्सिलने चित्र काढायचं. ते ‘सेल’ नावाच्या पारदर्शक शीटवर उतरवून रंगवायचं आणि पार्श्वभूमीवर ठेवून फोटो घ्यायचा. ‘रामायण’साठी सुमारे ४५० कलाकार राबले आणि जवळपास १ लाख सेल लागले.

आज कागदाच्या जागी बहुतेक ठिकाणी टॅब्लेट आलाय, पण रेषा माणूसच ओढतो. थ्रीडीमध्ये पात्राचं मॉडेल एकदा तयार झालं की ते हवं तसं फिरवता येतं. इथे पात्राने नुसती मान वळवली तरी नवी चित्रं काढावी लागतात.

गणित समजून घ्या

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. एकच चित्र दोन फ्रेम वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. फास्ट लोकलने ठाण्याहून डोंबिवलीला पोहोचायला साधारण १५ मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडद्यावर एकच पात्र सतत हलत राहिलं, तर त्याची १०,८०० चित्रं होतात!

मुंबईत हे काम कुणी केलं?

राम मोहन १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आले. तिथे डिस्नेमध्ये काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी कलाकारांना शिकवलं. राम मोहन यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

मुंबईच्याच जे. जे. मधून उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ हा १५ मिनिटांचा लघुपट एकहाती रंगवला. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये त्याने तीन पुरस्कार जिंकले. त्यांचा दीड तासाचा ‘बॉम्बे रोज’ मात्र एकटीचं काम नव्हतं. एकेक फ्रेम रंगवायला ६० कलाकारांना १८ महिने लागले. २०१९ मध्ये तो व्हेनिसला दाखवला गेला आणि मार्च २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

मग पुढे काय?

जुना सिनेमा पुन्हा लावायचा तर चांगली प्रत आणि थिएटर पुरतं. नवा बनवायचा तर ६० जणांचा दीड वर्षाचा पगार कुणीतरी आधी द्यावा लागतो. तिकीट काढणारे आहेत, चित्रं काढणारेही आहेत. थांबून पैसे लावणारे मात्र अजून मोजकेच आहेत.