मृत शार्ककडून जिवंत शार्ककडे

शार्कच्या मीलनाविषयीची माहिती दीर्घकाळ मेलेल्या माशांवरून मिळत होती, हे आधी लक्षात घ्या. गळाला लागलेली मादी चिरायची, पोटातली पिल्ले मोजायची, अंगावरचे चाव्यांचे व्रण पाहायचे. ही पद्धत टाकाऊ नव्हती. निळ्या शार्कच्या मादीची कातडी नराच्या सुमारे दुप्पट जाड असते, हे हॅरोल्ड प्रॅट यांनी १९७९ मध्ये अशाच तपासणीतून दाखवले. पण चावा बसत असताना मादी काय करते, हे व्रण कसा सांगणार?

ते पाहण्यासाठी प्रॅट आणि जेफ्री कॅरियर १९९० च्या दशकात फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांवर गेले. तिथे नर्स शार्क उन्हाळ्यात उथळ पाण्यात येतात. प्रत्येकीला रंगीत खूणचिठ्ठी लावून त्यांनी तासन् तास निरीक्षण केले. नर मादीचा छातीचा पर तोंडात धरू पाहतो. मादी आणखी उथळ पाण्यात शिरून तळाला अंग चिकटवते आणि त्याचे बहुतेक प्रयत्न फसतात. तिला निष्क्रिय मानणारे इथे चुकले.

खुणांमुळे आणखी एक गोष्ट कळली: नर दरवर्षी येतात, माद्या मात्र दोन-तीन वर्षांआड. तुम्ही एकच उन्हाळा पाहिला असता, तर निम्म्याहून अधिक माद्या तुमच्या हिशेबातून सुटल्या असत्या. पुढे जनुकीय तपासणीत एकाच मादीच्या ३२ पिल्लांचे किमान चार पिते निघाले. मीलनाच्या हंगामात ही जागा आता पर्यटकांसाठी बंद ठेवली जाते.