खांदा हलवायचा कधी?

१९ मार्च २००६. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन १ धाव काढून बाद झाला आणि चक्क मुंबईच्याच काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली! मालिका संपता संपता कळलं की गड्याचा उजवा खांदाच दुखावलाय. लंडनला ऑपरेशन झालं, वेस्ट इंडीजमधल्या कसोटी हुकल्या. जुलैत बोर्डाने तो फिट असल्याचं जाहीर केलं आणि १४ सप्टेंबरला क्वालालंपूरला पठ्ठ्याने विंडीजविरुद्ध नाबाद १४१ ठोकल्या.

सहा महिने शतकासाठी लक्षात राहतात. पण खरा खेळ मधल्या काळाचा असतो. ऑपरेशननंतर हात हलवायचा कधी? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस म्हणायचे, विश्रांती, आणि तीही सक्तीची! त्याच काळात पॅरिसचे ल्युका-शाँपिओनिएर म्हणत होते, हालचाल हाच उपचार. १९०९ मध्ये बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी खांद्याचं फाटलेलं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, शिवलं. कमरेत वाकून हात लोलकासारखा लोंबता सोडायचा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे १९७० नंतर टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी यंत्राने सांधा सतत हलता ठेवायची कल्पना मांडली आणि पारडं हालचालीकडे झुकलं.

अडचण अशी की दोन्ही बाजू बरोबर आहेत. टेंडन हाडाला नीट धरायला साधारण १२ आठवडे लागतात, तोवर सगळा भार टाक्यांवर. लवकर ताण दिला तर शिवण उसवते. फार थांबलं तर खांदा आखडतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कफ आणि पुपेलो यांनी (हो, 'रोटेटर कफ'वर संशोधन करणाऱ्याचं आडनावच कफ!) ६८ पेशंटचे दोन गट केले. एका गटाचा हात दुसऱ्याने लवकर हलवायला सुरुवात केली, दुसऱ्या गटाचा काही आठवडे थांबून. वर्षाअखेर दोघांत फारसा फरक नव्हता. म्हणजे थोडं थांबल्याने फार काही बुडत नाही. फाट मोठी असेल तर बरेच सर्जन थांबणंच पसंत करतात.

आता हे सगळं परभणीला नेऊन बघा. आपल्यातल्या कित्येकांचे आईबाबा परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडला असतात. ऑपरेशन पुण्याला नाहीतर संभाजीनगरला होतं आणि मग मंडळी गावी परततात. सचिनच्या दिमतीला फिजिओ होते. इथे हातात असतो व्यायामाचा एक कागद. महिन्या-दीड महिन्यात दुखणं ओसरतं आणि "आता काय धाड भरलीय मला?" म्हणत बाबा पाण्याची बादली उचलतात. घात तिथेच होतो. दुखणं आधी थांबतं, टेंडन मागाहून जुळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एरर दिसेनाशी झाली म्हणजे बग गेला असं नव्हे!

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच सर्जनकडून तीन तारखा लिहून घ्या: हाताची झोळी कधी काढायची, हात स्वतःच्या जोरावर कधी उचलायचा आणि वजन कधी. त्या आपल्या मोबाईलमध्येही टाका. आणि रविवारी घरी फोन कराल तेव्हा "दुखतंय का?" एवढंच विचारून थांबू नका, "कितवा आठवडा चालू आहे?" हेही विचारा.