नाकावरची पट्टी

नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे. मेंडेलचा वाटाणा, उंच नि बुटका, तीनास एक. सिकलसेलही आहे. कारंज्याकडे जिनिंगमध्ये रुई-सरकीत माझा दिवस जातो, रात्री वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घेतो. पोरं गुणोत्तर घडाघडा म्हणतात. पण "दादा, हा रोग आपल्याच लोकायच्या रक्तात काहून?" ह्या प्रश्नाला वाटाणा पुरत नाही. त्याला इतिहास लागतो.

1901 च्या शिरगणतीचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले. ह्या साहेबानं माणसांची नाकं मोजवली. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, हा त्याचा सिद्धांत! जे आधी पोथीत होतं ते आता शास्त्रात आलं. जात म्हणजे रक्ताची शुद्धी, असं म्हणायला शिकलेले लोक मोकळे झाले.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं. त्यांनी ते पदरच्या पैशानं छापलं, 1500 प्रती. त्यात ते बेटसन ह्या आनुवंशशास्त्रज्ञालाच साक्षीला उभं करतात: वरच्या दर्जाची बुद्धी कुठल्या एका ठराविक रीतीनं वारशात उतरते, ह्याला आधार नाही. पंजाबचा ब्राह्मण नि पंजाबचा चांभार वंशानं एकच, हेही तिथंच ठणकावतात. 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर नाकांचेच आकडे घेऊन वंशाचा सिद्धांत मोडला. साहेबाच्याच पट्टीनं साहेबाचं नाक कापलं!

त्याच्याही आधी, 1916 साली कोलंबियात, पंचविशीतल्या भीमरावांनी जातीचं मूळ दाखवलं होतं: जातीतच लग्नाची सक्ती. 2013 साली जनुकं तपासणाऱ्यांना दिसलं की साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी इथले लोक सर्रास मिसळत होते. मग बेटीव्यवहार बंद पडत गेला.

आता सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकातला एक बदल, बस. एकाच बाजूनं आला तर माणूस वाहक. त्याला हिवतापापासून थोडा आडोसा मिळतो. म्हणून जिथं हिवताप तिथं हा बदल टिकला. आफ्रिकेत, विदर्भातल्या आदिवासींत, बौद्धांत, काही ओबीसी जातींत, ग्रीसच्या गोऱ्यांतसुद्धा. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. त्याच त्या घरांत सोयरिकी फिरल्या की वाहकाला वाहक भेटतो. आणि बेटीबंदीची ती भिंत आपण बांधलेली नाही. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न ठरण्याआधी दोघांची करा, पोरीच्या एकटीची नाही.